‘दातांचं डेंटिस्ट बघेल’: मग गाल कोण बघणार?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. त्याचा आशय असा: सर्दी-तापाच्या डॉक्टरनं पेशंटच्या तोंडात लक्ष घालू नये, त्याला ना ते शिक्षण, ना वेळ, दात दुखला तर गोळ्या द्याव्यात आणि डेंटिस्टकडे धाडावं. यातलं ‘धाडावं’ तेवढं बरोबर आहे.

शिक्षणाचं म्हणाल तर दात भरायला किंवा रूट कॅनल करायला कुणी सांगतच नाही. तोंड तपासायला एमबीबीएस पुरतं. असंसर्गजन्य आजारांच्या सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या माणसांची मुखकर्करोगासाठी तपासणी धरलेली आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या (गावोगावची सरकारी आरोग्य केंद्रं) १२ सेवांतही मौखिक आरोग्य आहे. शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्याचं पद सहसा नसतं. दात ठणकेपर्यंत डेंटिस्टची पायरी न चढणारा माणूस बीपीच्या गोळ्यांना मात्र दर महिन्याला येतो.

वेळेचा मुद्दा खोटा नाही. बाजाराच्या दिवशी ओपीडी कशी असते हे कुणाला सांगायला नको. पण लागतात दोन मिनिटं, टॉर्च, हातमोजे, दोन लाकडी पट्ट्या आणि गॉजचा तुकडा. आधी चूळ भरायला लावायची, कवळी असेल तर काढायची. मग ओठ उलटून खालच्या ओठामागची खोबण बघायची, कारण तंबाखूचा बार तिथंच धरतात. पट्टीनं गाल बाजूला करून शेवटच्या दाढेपर्यंत जायचं. जीभ गॉजनं धरून दोन्ही कडा बघायच्या, जिभेखाली बोट फिरवून गाठ लागते का पाहायचं, शेवटी टाळू. नुसतं ‘आ करा’ म्हटलं की घसा दिसतो. जिभेच्या मागच्या कडा आणि गालाची खोबण राहून जाते, आणि आजार नेमका तिथं बसलेला असतो.

पुसून न निघणारा पांढरा चट्टा, त्याहून वाईट म्हणजे लाल चट्टा, आणि दोन आठवड्यांत न भरलेली जखम, एवढं सापडलं की पुढे पाठवायचं. ‘तोंड आलंय’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सचा दुसरा कोर्स लिहायचा नाही. महिने जातात ते इथंच.

पोरांच्या बाबतीत आणखी एक खूण आहे. पूर्वी चालणारा ठेचा आता झोंबतो, पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही. अशा पोराला त्याचीच तीन बोटं उभी करून समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील तर गाल आखडायला लागलेत. याचं मुख्य कारण सुपारी, मग ती ‘बिनतंबाखूची’ का असेना. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी आणि तंबाखू वेगळ्या पुड्यांत घेऊन एकत्र करायला कितीसा वेळ लागतो? आखडलेला गाल पूर्ववत होत नाही. सुपारी सुटली तर पुढचं आखडणं थांबू शकतं.

‘गोळ्या द्याव्यात’ हा सल्ला सगळ्यांत घातक. गार-गरम लागणं, रात्रीचा ठणका ही दाताच्या आतल्या नसेची सूज आहे; अँटिबायोटिकनं ती उतरत नाही. तिथं वेदनाशामक आणि डेंटिस्ट. गालावर सूज, सोबत ताप असेल तर अँटिबायोटिक, पण दाताचं काम तरीही करावंच लागतं. हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी कडक सूज, गिळता येत नाही, जीभ वर उचलली गेली, तर गोळी नको, तडक मोठं रुग्णालय, श्वास कोंडतो.

आणि डॉक्टरच्या स्वतःच्या चिठ्ठीचं काय? बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिन गोळीनं काहींच्या हिरड्या फुगतात. स्टेरॉइडच्या इनहेलरनंतर चूळ भरली नाही तर तोंडात बुरशी होते. झोपताना दिलेलं साखरेचं सिरप बाळाच्या दुधाच्या दातांवर रात्रभर बसतं. मधुमेह आणि हिरड्यांचं तर साटंलोटं: साखर वाढली की हिरड्या सडतात, आणि हिरड्या खोलवर साफ केल्या की एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, टक्क्यांत) तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ अंकानं उतरतो.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडे पोरांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले तर पेस्ट बदलायला सांगून उपयोग नाही. ते बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड असू शकतं. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलं का, हे पाणी तपासूनच कळतं.

राहिलं ‘धाडावं’. नुसती ‘डेंटिस्टला दाखवा’ अशी चिठ्ठी कुचकामी. चट्टा कुठं, किती मिलिमीटर, किती दिवसांपासून, दिवसात किती बार, तोंड किती बोटं उघडतं, साखर किती, रक्त पातळ करणारी गोळी कोणती, हे लिहायचं. ती गोळी परस्पर बंद करायची नाही. संशय कर्करोगाचा असेल तर जिल्हा रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. आणि पाठवताना चट्ट्यावर जांभळं औषध फासू नका. पुढच्या डॉक्टरला लाल कुठलं, पांढरं कुठलं, काहीच ओळखू येत नाही.