चढाने घोटा झिजत नाही, पोटरी राबते

सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी ताई यवतेश्वरच्या घाटात नेमाने सराव करत होती. परवा तिने तो बंद केला. कारण काय, तर ग्रुपवर फिरणारा मेसेज: ‘चढावर पावलाला दुप्पट हादरा बसतो, घोटा झिजतो. चढ चाला, जोर उतारावर काढा. चढावर टाच आधी टेकवा. जाड टाचेचे शूज घाला.’ मलाही तो चौघांनी पाठवलाय, म्हणून आता लिहितेच.

दुप्पट हादरा हे धादांत खोटं आहे. २००५ साली गॉट्सशॉल आणि क्रॅम या संशोधकांनी तिरक्या ट्रेडमिलवर धावणाऱ्यांच्या पावलांचं बल मोजलं. ९ अंशांच्या उतारावर पाऊल आपटण्याचा धक्का सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी वाढला, शरीराला मागे रोखणारं बल ७३ टक्क्यांनी. तेवढ्याच चढावर तो सुरुवातीचा धक्का जवळपास नाहीसाच झाला. होणारच! चढावर जमीनच पावलाजवळ येते, पावलं आखूड पडतात आणि बहुतेकांचा चवडा किंवा पावलाचा मधला भाग आधी टेकतो. म्हणजे ज्या हादऱ्याची भीती घालून ताईला चढावरून हटवलं, तोच अंगावर घ्यायला तिला उतारावर पिटाळलं. याचा मला खरा संताप आहे. स्पर्धेत घाट उतरायचाही असतो, त्यामुळे उताराचा सराव लागतोच. पण तो बेताबेताने वाढवायचा.

एक अर्धसत्य मात्र मान्य करावं लागेल. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच खाली सोडा. पोटरी आणि टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, लगेच ताणलेली जाणवेल. घाटात पावलाची पुढची बाजू वर राहते, त्यामुळे दर पावलाला थोडंफार हेच होतं, आणि तिथूनच पोटरीला अंग वर ढकलायचं असतं. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाचेमागे कळ येत असेल, तर काही दिवस चढ कमी करा. ताईला तसं काही नाही. तिच्या पोटऱ्या भरून येतात, एवढंच.

टाच आधी टेकवायचा हट्ट कशाला? तीव्र चढावर त्यासाठी पाऊल घोट्यातून आणखी वर वाकवावं लागतं. पाय आपसूक चवड्यावर जातो, जाऊ द्यावा. जाड टाचेने शिरेवरचा ताण थोडा हलका होऊ शकतो, पण त्याने न होणारी झीज कशी थांबणार?

रविवारी पहाटे ताईबरोबर मीही घाटात जाणार आहे. चढ ती पळेल, आणि उतरताना आखूड पावलं टाकत सावकाश येईल.