अर्धपोटी पाहुणे

लग्नाच्या शूटिंगसाठी भाच्यानं ड्रोन घेतला. उडवतो तो, बॅटऱ्या सांभाळतो मी. त्याची खोली वरच्या मजल्यावर, आणि मे महिन्यात नागपूरचा स्लॅब दिवसभर प्यायलेलं ऊन मध्यरात्रीपर्यंत ओकत असतो. "मामा, तुमची खोली थंडी आहे," एवढं बोलून त्यानं चार बॅटऱ्या माझ्या कपाटात ठेवल्या. माझे शर्ट आता खुर्चीवर असतात.

ही लिथियम पॉलिमर बॅटऱ्यांची जात स्वभावानं मध्यममार्गी. फार भरलेली नको, फार रिकामी नको, ऊन नको, गारठा नको. देशाचा मध्य दाखवतो असं म्हणतात तो झिरो माइलचा दगड आमच्याच गावात आहे, पण त्या दगडाखेरीज मध्यम असं नागपुरात काही सापडायचं नाही. ऊन ४५ च्या घरात, सावजीचा रस्सा डोळ्यांतून पाणी काढणारा, आणि आग्रह असा की पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तर बोटांवर वरण पडतं.

त्या आग्रहाचं मुख्यालय म्हणजे माझी आई. बॅटरी वापरायची नसेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज करून ठेवायची, हे भाच्यानं तिला समजावून सांगितलं. बॅटरीतला एकेक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टला जातो, ठेवताना तो ३.८ च्या आसपास बरा. भरल्या पोटी तो उन्हाळ्यात पडून राहिला की आतलं रसायन बिघडतं, वायू धरतो आणि बॅटरी फुगते. आईनं सगळं ऐकून घेतलं. "अर्धी काहून ठेवायची? घरात काय लाइट नाही का?" असं म्हणाली आणि दुपारी आम्ही झोपलो असताना चारही बॅटऱ्या तुडुंब भरून ठेवल्या.

बिचारीचं तसं चूक नाही. आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी शिसं-आम्लाची. ती अर्धवट भरलेली पडून राहिली तर तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती मरते. तिला भरलेलंच ठेवावं लागतं. म्हणजे एकाच घरात दोन बॅटऱ्या, दोघींचे सोवळ्याचे नियम उलटे, आणि आईनं पाळलेला नियम तीस वर्षं जुना.

दोन-चार दिवसांनी ती बॅटरी हातात घेऊन आली. "काही लावलं नाही तरी कोमट लागून राहिली. ताप आहे का हिला?" ताप नव्हता. ह्या हुशार बॅटऱ्या काही दिवस भरून पडून राहिल्या की स्वतःच हळूहळू वीज सोडून निम्म्याकडे येतात, तेव्हा अंग जरा गरम होतं. आईच्या आग्रहाला पुरून उरलेला हा आमच्या घरातला पहिलाच पाहुणा.

पण ठेवायच्या कुठे? आता नागपूरकराचा गारवा म्हणजे कूलर. त्याचा गारवा ओला. खसची टट्टी भिजली की खोलीतले पापडसुद्धा सादळतात, आणि बॅटरीला दमट हवा वर्ज्य. फ्रिजमधून बाहेर काढली की तिच्या अंगाला पाणी सुटतं, तेही नको. उरली एसीची खोली. तिथे बायको झोपते. बॅटऱ्या उशाशी ठेवायला तिनं साफ नकार दिला आणि कारण विचारायची माझी छाती झाली नाही. पेटायची शक्यता मलाही ठाऊक होती. शेवटी तिथल्याच कोपऱ्यात, पडद्यापासून लांब, फरशीवर पत्र्याचा डबा ठेवून तह झाला.

खरा प्रसंग लग्नात येतो. खोक्यावर उड्डाणाचा वेळ ३१ मिनिटं छापलेला. तो वारा नसताना, एका ठराविक वेगानं मोजलेला. प्रत्यक्षात परतीपुरती वीज राखून वीसेक मिनिटांतच खाली उतरावं लागतं. उतरलेली बॅटरी तापलेली असते आणि निवल्याशिवाय चार्ज घेत नाही. ४० अंशांच्या वर ती चार्जरला हुंगतसुद्धा नाही. रात्रीचे नऊ, लॉनवर हवाच ३८ ची, बँड पेटलेला, नवरदेव घोडीवर घामाघूम, आणि आमचा भाचा दोन बॅटऱ्या मांडीवर घेऊन गाडीच्या एसीत बसलेला. नवरदेवाच्या काकांनी काचेवर टकटक केली. "भाऊ, आमालेबी बसू द्या ना आत."

दर रविवारी तपासणी असते. ओट्याच्या ग्रॅनाइटवर बॅटरी आडवी ठेवायची आणि कोपऱ्यावर हळूच बोट दाबायचं. सपाट असेल तर जागची हलत नाही. फुगलेली डुगडुगते. गेल्या महिन्यात एक डुगडुगली. शेजारच्या काकांनी "टाचणीनं हवा काढून दे" असा सल्ला दिला. त्यांना चहा पाजून हातातली टाचणी काढून घेतली. भोक पडलं तर आत शॉर्ट होऊन ती भडकते. ती ना कचरागाडीत टाकता येत, ना भंगारवाल्याला देता येत. ई-कचरा घेणाऱ्याकडेच सोपवावी लागते. तोवर तिचा मुक्काम अंगणात, सावलीला, वाळूच्या कुंडीत. आई येता-जाता तिच्याकडे "उपाशी मारली" अशा नजरेनं बघायची.

एवढ्या शिकवणीनंतर भाच्याला जोर चढला. आजीच्या मोबाइलमध्येही लिथियमच, म्हणून त्यानं चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा लावून दिली. आईनं दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सीताबर्डीला जाऊन दुकानदाराला फोन दाखवला, "पोरगा म्हणे फोन चांगला आहे, पण पोटभर खाऊन नाही राहिला." त्यानं एक बटण दाबलं. आई १०० टक्के घेऊन घरी आली आणि भाच्याला म्हणाली, "त्या पोराकडे शिकायला जात जा."