दही सेट झालं का?

परवा सकाळी भाचीने ओट्यावरचा डबा जरासा कलता करून पाहिला आणि म्हणाली, "मामी, दही सेट नाही झालं अजून." चहा गाळता गाळता सासूबाईंनी विचारलं, "काय नाही झालं?"

"सेट गं आजी. म्हणजे... लागलं नाही."

"मग लागलं नाही म्हण की. थंडी आहे. दुपारपर्यंत लागेल."

त्यांच्या लेखी विषय संपला. माझ्या डोक्यातून जाईना, कारण त्याच आठवड्यात शाळेच्या ग्रुपवर तो नेहमीचा फॉरवर्ड आला होता: इंग्रजीतल्या इवल्याशा 'सेट'ला ४३० अर्थ, बघा केवढी समृद्ध भाषा! खाली पंधरावीस जोडलेले हात.

आकडा खरा आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची १९८९ची आवृत्ती वीस खंडांची, आणि तिच्यातली सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची. सुमारे ६०,००० शब्द. एका नोंदीत एक कादंबरी मावेल. पण फॉरवर्ड शिळा आहे. पुढे कोशाची फेरतपासणी सुरू झाली ती 'एम' या अक्षरापासून. मग २००० मध्ये 'मेक'ने 'सेट'ला मागे टाकलं, २००७ मध्ये 'पुट'ने आणि २०११ मध्ये ६४५ अर्थ घेऊन 'रन'ने. आपल्याला त्यातली धाव तेवढी माहीत! म्हणजे विक्रम कोणाचा, हे संपादक कोणत्या अक्षरापर्यंत पोचलेत त्यावरही ठरतं. यात मला भाषेच्या श्रीमंतीपेक्षा कोशकारांची चिकाटी जास्त दिसते. सासूबाई दिवा लावतात, दार लावतात, गजर लावतात, कुंकू लावतात, विरजण लावतात, नातवाला जीव लावतात आणि मला कामाला लावतात. कोशकारांसारख्या या अर्थांच्या चिठ्ठ्या कोणी करत बसलं नाही, एवढंच.

शब्द मुळात भलताच साधा आहे हो. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणं आणि 'सेट' म्हणजे बसवणं. आपलं बस-बसव तसंच. म्हणून सोनार कोंदणात खडा बसवतो, डॉक्टर निखळलेलं हाड बसवतात, तिथे इंग्रजीतही 'सेट'च लागतो. गंमत म्हणजे या 'सिट'चं मूळ आणि संस्कृतातल्या 'सद्' धातूचं मूळ एकच. सदन, परिषद, संसद ही सगळी 'सेट'ची लांबची भावंडं. आपलं 'बसणं' मात्र त्या घरातलं नाही. ते 'उपविश्'वरून बैसत बैसत आलं.

आणि बांगड्यांचा सेट, कपबश्यांचा सेट? तो मुळात निराळाच शब्द. लॅटिनमधल्या 'सेक्टा'वरून, म्हणजे कोणाच्या तरी मागून जाणाऱ्या पंथावरून, फ्रेंचमार्गे इंग्रजीत शिरलेला. उच्चार जुळला, दोघं शेजारी राहिले, पुढे एकमेकांचे गुण लागले. शाळेत दोन सारख्या नावाची मुलं असली की एकाचा डबा दुसरा खातो, तसं.

मला 'सेट' खटकत नाही. टीव्हीचा सेट, सिनेमाचा सेट, टेनिसचा सेट, सेट डोसा, खुशाल असू द्या. प्राध्यापकीच्या उमेदवारांची 'सेट' परीक्षा तर आद्याक्षरांची, तिचा या कुळाशी संबंधच नाही. खटकतं ते एवढंच की गजर लावायचा, तारीख ठरवायची, पेपर काढायचा, केस बसवायचे, ताटं मांडायची, या पाच कामांना आमच्या घरात आता एकच क्रियापद आहे, 'सेट कर'. आणि ते वापरताना त्या ४३० अर्थांपैकी फार तर तीनचार आपल्या तोंडी असतात. श्रीमंताच्या घरून उसनी आणलेली एक वाटी, आणि आपली भांडी माळ्यावर.

नाही म्हणायला एक अर्थ आपण पदरचा घातलाय. टेंडर कसं मिळालं, बदली कशी झाली, याला आपल्याकडे एका शब्दात उत्तर आहे: सेटिंग. साहेबाच्या इंग्रजीत सेटिंग म्हणजे आजूबाजूचा देखावा किंवा मिक्सरचं बटण. आपल्या सेटिंगमध्ये बटण दिसत नाही, फक्त काम झालेलं दिसतं.

दही दुपारी अडीचला लागलं. भाचीने फोटो टाकला, खाली लिहिलं, 'फायनली सेट!' सासूबाईंनी त्याला अंगठा दिलाय.