पाऊस किती पडला हे विचारता, कुठून कुठं सरकला हेही विचारा

सकाळी साडेआठचे पावसाचे आकडे ग्रुपवर पडले की आमच्याकडं वाद सुरू. आमच्या आणि शेजारच्या, दोन्ही महसूल मंडळांत 80 मिमी, मग आमचाच ओढा का फुटला? उत्तर ठरलेलं असतं, 'वरचा तलाव सोडला असंल.' कधी ते खरंही असतं. पण ढग कुठल्या अंगानं सरकला हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथंच आहे.

मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या डोंगरातून उतरणारा वीसेक किलोमीटरचा ओढा धरा. पाणी ताशी सात किलोमीटरनं पळालं तर डोंगरातलं पाणी गावच्या फरशी पुलाला लागायला जवळपास तीन तास. आता ढग डोंगरावर बरसायला लागून ओढ्याच्याच चालीनं खाली आला, तर वरचं, मधलं, खालचं सगळं पाणी पुलावर एकदमच येतं. तोच ढग आधी गावावर कोसळून डोंगराकडं चढला, तर वरचं पाणी येईपर्यंत गावाजवळचं निघून गेलेलं असतं. पूर लवकर लागतो, जास्त वेळ चालतो, पण तेवढा चढत नाही. पर्जन्यमापकात आकडा मात्र तोच! ढग पाण्याच्या कितीतरी पट वेगानं निघून गेला तर दिशेचा फारसा फरक पडत नाही. जीव खातो तो सावकाश उतरत येणारा.

त्यात सप्टेंबरात काळ्या रानाच्या भेगा मिटलेल्या असतात, जमीन पाणी घेत नाही. पुलाच्या नळ्यांत पऱ्हाट्या आणि धसकटं अडकलेली. मग पाणी रस्त्यावरूनच जाणार.

बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं बहुधा पूर्वेकडून पश्चिमेला येतात, म्हणजे गोदावरीच्या उलट दिशेनं. पण त्या भरवशावर लहान ओढ्याकाठी राहता येत नाही. कुठला ओढा दक्षिणेला उतरतो, कुठला उत्तरेला. मांजरा नदीसुद्धा पूर्वेकडं जाऊन पुढं उत्तरेला वळते.

लहान पुलांचं गणित बहुतेकदा सगळ्या पाणलोटावर एकसारखा पाऊस धरूनच मांडतात. हे बदलायला हवं. चोवीस तासांच्या बेरजेसोबत प्रत्येक मंडळात पाऊस कधी सुरू झाला, कधी थांबला, हेही गावाला रोज कळायला हवं. आणि तोवर वरच्या गावानं खालच्या गावाला फोन करायला कुणाची परवानगी लागत नाही. 'आमच्याकडं सुरू झालाय, तुमच्याकडं सरकतोय', एवढं सांगितलं तरी ओढ्याकाठची जनावरं वेळेत सुटतील.

तुमच्या ओढ्याला कुठल्या अंगाचा पाऊस जड जातो? गावाच्या आणि ओढ्याच्या नावासकट खाली लिहा.