एसडीपीने थॅचरबाईंना जिंकवलं म्हणे

ब्रिटनच्या एसडीपीबद्दलचा (सोशल डेमोक्रॅटिक पार्टी, लेबर म्हणजे मजूर पक्षातून फुटून निघालेला पक्ष) तो मेसेज परत फिरतोय. "१९८१ ला लेबरमधून फुटलेल्या चौघांनी मतं खाल्ली म्हणून १९८३ ला थॅचर आल्या, फॉकलंडच्या युद्धाने यांचा फुगा फुटला आणि मागे काहीच उरलं नाही." तीन दावे, तिन्हीत घोळ.

१. मतं खाल्ली. १९७९ ला थॅचरबाईंच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ४३.९ टक्के मतं होती, १९८३ ला ४२.४, म्हणजे उलट कमीच झाली, आणि जागा ३३९ वरून ३९७! लेबर ३६.९ वरून २७.६ वर घसरली आणि त्यातले बरेच लोक एसडीपी आणि जुना लिबरल पक्ष यांच्या आघाडीकडे गेले हे मान्य, पण तेव्हाच्या पाहण्यांत आघाडीच्या मतदारांना दुसरी पसंती विचारली तर ते जवळपास निम्मे निम्मे दोन्हीकडे जायचे, त्यामुळे आघाडी नसती तर सगळी मतं लेबरच्याच पदरात पडली असती हे कशावरून? बरं, आघाडीला २५.४ टक्के मतं आणि जागा फक्त २३, लेबरला जेमतेम दोन टक्के जास्त आणि जागा २०९. मतं देशभर सारखी पसरलेली, तीनशेच्या वर ठिकाणी दुसरा नंबर, आणि दुसऱ्या नंबराला तिथे काय किंमत, आपल्याकडेही तीच पद्धत आहे त्यामुळे आपल्याला वेगळं सांगायला नको. आणि हे चौघं, म्हणजे जेंकिन्स, ओवेन, शर्ली विल्यम्स आणि रॉजर्स, फुटले का ते मेसेजमध्ये नाहीच. लेबरच्या वेम्बलीच्या अधिवेशनात पक्षाचा नेता निवडताना कामगार युनियनना ४० टक्के वजन आणि खासदारांना ३० असं ठरलं, ते यांना पटलं नाही, दुसऱ्याच दिवशी वेगळ्या वाटेचं या चौघांचं लाइमहाउसचं निवेदन आलं.

२. फॉकलंड. अर्जेंटिनाशी झालेलं हे युद्ध एप्रिल १९८२ चं. डिसेंबर १९८१ मध्ये गॅलपच्या मतचाचणीने आघाडीला ५० टक्के दिले होते आणि युद्धाआधीच ते धडाधड खाली आले, कारण कुठली जागा कोणाला यावरून लिबरलांशी भांडणं चालली होती (जागावाटप, दुसरं काय). युद्धाने बाईंना उचललं हे खरं, पण यांची हवा त्याआधीच गेली होती.

३. काही उरलं नाही. १९८८ ला बहुतेक लोक लिबरलांत विलीन झाले, त्यातूनच लिबरल डेमोक्रॅट, १९९७ ला ४६ जागा. विलीन व्हायला नको म्हणून ओवेन यांनी वेगळं दुकान चालू ठेवलं, संपलं ते हे. मे १९९० ची बूटलची पोटनिवडणूक, मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी नावाच्या थट्टेच्या पक्षाला ४१८ मतं, यांना १५५.