गणपत पाटील, सीता आणि आपलं हसणं : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तमाशापटांत नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा सोंगाड्या, रंगवणाऱ्या गणपत पाटलांना मी माझ्या लेखात मोठा नट म्हटलं, ते तुम्हाला पटलेलं नाही. जन्मभर एकच नाच्या करत राहिले, त्यात अभिनय कसला, ती सवय झाली, असं तुम्ही लिहिलंय. त्या नाच्यापायी वर्गातल्या नाजूक चालीच्या पोरांना 'ए गणपत पाटील' म्हणून छळलेलं तुम्ही शिक्षक म्हणून वर्षानुवर्षं पाहिलंत. शिवाय ते तमाशाच्या फडातून सिनेमात आले, हे माझं वाक्य चूक आहे आणि लेख काढून टाकावा, असंही म्हटलंय.

फडाचं आधी सांगतो, कारण तिथं मी सपशेल चुकलो. वाक्य दुरुस्त केलंय. पाटील फडातले नव्हतेच. कोल्हापुरातल्या गरीब घरातलं पोर. वडील लवकर गेले, मग मोलमजुरी केली, फुलं विकली, खायच्या वस्तू विकल्या. राजा गोसावींच्या ओळखीनं मास्टर विनायकांकडं, शालिनी सिनेटोन या सिनेमा कंपनीत शिरकाव झाला, तो सुतारकामाला आणि रंगभूषेच्या हाताखाली. नाव पडद्यावर यायच्या आधी या माणसानं सेटचे खिळे ठोकलेत. तेव्हाच्या कोल्हापुरात हे काही नवल नव्हतं म्हणा. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून इथं हीच रीत. एकाच माणसानं पडदा रंगवायचा, सामान उचलायचं आणि वेळ आली की तोंडाला रंग लावून उभंही राहायचं.

आता 'एकच भूमिका'. भालजी पेंढारकरांनी त्यांना 'मीठभाकर'मध्ये घेतलं. राजा परांजप्यांचा 'बलिदान' आणि राम गबाल्यांचा 'वंदे मातरम्' या सिनेमांत ते खलनायक होते. होय सर, खलनायक! नाच्या आला तो नंतर, आणि तोही नाटकातून. जयशंकर दानव्यांच्या 'ऐका हो ऐका'त त्यांनी तो पहिल्यांदा केला, पुढं 'जाळीमंदी पिकली करवंदं'मध्ये केला, मग 'वाघ्या मुरळी' सिनेमात आला. तिथून मात्र दाराला कडी लागली. तमाशापट निघाला की नाच्याला गणपत पाटील, हे ठरूनच गेलं. निर्मात्यांना खात्रीचा हशा हवा होता आणि आम्ही तिकीट काढून तो देत होतो. नट साच्यात अडकला हे तुमचं म्हणणं कबूल, पण साचा ओतणाऱ्यांत पिटातले आपणही होतो.

आणि सवय म्हणाल, तर एकदा आवाज बंद करून त्यांचा एखादा प्रसंग बघा. सगळा भार एका पायावर, मनगट सैल, हनुवटी खांद्याकडं वळलेली. पुढच्याचं वाक्य संपायच्या आत मान फिरलेली असते; म्हणजे 'आत्ता गं बया' तोंडातून बाहेर पडायच्या आधीच थिएटर हसायला तयार. मी हौशी नाटकात चार वर्षं सोंगाड्या केलाय (वाईट केला, तो भाग वेगळा), म्हणून सांगतो, ती अर्ध्या क्षणाची घाई शिकवून येत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. सिनेमाच्या आधी हेच गणपत पाटील कोल्हापुरात रामायणाच्या खेळांत सीता करायचे. तेव्हाही बाईचंच सोंग, बाईचीच चाल. सीतेला कुणी 'आयला' म्हणून शिट्टी मारली असेल असं मला वाटत नाही. बालगंधर्वांचं तर तुम्हाला सांगायलाच नको. त्यांच्या शालूची आणि खोप्याची नक्कल घरंदाज बायका करत होत्या. म्हणजे पुरुषानं बाईसारखं वागण्यात मराठी माणसाला मुळात हसू येत नव्हतं. तमाशापटानं प्रसंगाची मांडणीच अशी केली, की फेटेवाला गावचा पाटील हा गडी, नाचणारी ती बाई, आणि मधला हा कुणीच नाही. त्या 'कुणीच नाही'वर आपण हसलो. अंग तेच, हात तेच, माणूस तोच, पण सीतेला लाभलेला मान नाच्याला कुणी दिला नाही.

प्रतिक्रियेत तुम्ही 'नटरंग' सिनेमाचाही दाखला दिलाय. ती पाटलांची गोष्ट नव्हे. ती कागलच्या आनंद यादवांच्या कादंबरीतल्या, नाच्या झालेल्या गुणाची. पण २०१० साली सिनेमा बघून बाहेर पडताना माझ्या शेजारचे एक म्हातारे 'बिचारा गणपत' एवढंच पुटपुटले होते, हेही खरं. पाटील त्याआधी, २३ मार्च २००८ला गेले. पडद्यावरचं सोंग लोकांनी खरं धरलं आणि त्याची झळ त्यांच्या घरादारालाही लागली.

आता तुमचा वर्ग. इथं मला वाद घालता येत नाही. आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत एक मुलगा होता. सायकल हातात धरून चालायचा, दप्तर छातीशी घट्ट. आम्ही त्याला त्याच नावानं हाक मारायचो, आणि मी त्यात पुढं असायचो. तो सातवीनंतर मामाकडं गेला, परत दिसला नाही. एका नटाचं नाव शिवी म्हणून वापरायचं, ही शक्कल आमची होती. मूळ लेखात हे लिहायला मी कचरलो, तुम्ही बरोबर तिथंच बोट ठेवलंत.

लेख काढत नाही. पण तुमच्या प्रतिक्रियेतला वर्गाबद्दलचा परिच्छेद त्यात शब्दही न बदलता घालावा, असं वाटतं. नाव द्यायचं की नुसतं 'एक निवृत्त शिक्षक' म्हणायचं, तेवढं कळवा.