आवाज येऊलालाय का?

अठरा वर्षं अकरावीला भौतिकशास्त्र शिकवलं, ते पाठीच्या जोरावर. फळ्याकडं तोंड करून लिहिताना मागं कोण खुसखुसतंय, कुणाचा डबा उघडलाय, खिडकीतून कुणाचं लक्ष कुठं गेलंय, हे सगळं मला पाठीनं कळायचं. कोरोनात बंद पडलेलं कॉलेज ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडलं आणि मला पाठच उरली नाही. पोरांकडं पाठ केली तर तोंड मोबाईलकडं, मोबाईलकडं केली तर पोरांकडं, आणि फळ्याकडं तोंड केलं तर दोन्हीकडून ओरड.

त्याचं असं झालं, की वर्गात बसायला पालकांचं संमतीपत्र लागायचं. निम्म्या आई-बापांनी ते दिलं, निम्म्यांनी दिलं नाही. समोर एका बाकावर एक अशी सव्वीस पोरं, आणि मोबाईलात एकतीस. त्या एकतिसात चाकूरची एक पोरगी, जिच्या आजीला अजून कोरोना गावाच्या वेशीवर उभा दिसायचा. औशाची दोघं भावंडं, एका फोनवर, आळीपाळीनं. धारूरकडचं एक पोरगं, जे आई-बापाबरोबर ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेलेलं. आणि एक पठ्ठ्या असा, की ज्याची खोली कॉलेजच्या फाटकासमोरच. तास सुटल्याची घंटा आम्हाला एकदा आमच्या कानानं ऐकू यायची, एकदा त्याच्या माईकमधून.

आमचे प्राचार्य पुण्याकडचे. ते म्हणाले, "दोन्हीकडं एकदमच शिकवा. तुम्हाला काय, बोलायचंच तर असतं."

आता यंत्रणा बघा. एक लाकडी स्टूल. त्यावर खडूंचा खोका. त्याला टेकवून माझा मोबाईल, आणि तो घसरू नये म्हणून पुढं डस्टर. डस्टर मला दर दोन मिनिटांनी लागायचं. ते उचललं की मोबाईल आडवा पडायचा आणि एकतीस पोरांना छतावरचा पंखा दिसायचा. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्यापेक्षा पंखाच जास्त बघितला असेल. पुढं मामांनी (आमचे शिपाई) सायकलची जुनी ट्यूब कापून मोबाईल स्टुलालाच आवळून दिला. मोबाईल हलेना, पण फोन आला की घेताही येईना. बायकोचा फोन आला तर अख्खा वर्ग तिचं नाव वाचायचा. नाव मी 'होम मिनिस्टर' असं ठेवलं होतं. तेव्हा गंमत वाटली होती.

दुसऱ्या दिवशी नवीनच भानगड. मी फळ्यावर 'ध्वनी' लिहिलं आणि मोबाईलमध्ये बघतो तर अक्षरं उलटी. आरशात दिसतात तशी. पुढच्या कॅमेऱ्यात आपल्याला स्वतःचं चित्र उलटं दिसतं आणि पलीकडच्यांना सुलटं जातं, हे आज मला माहीत आहे. तेव्हा नव्हतं. मी भाबडेपणानं विचारलं, "तुम्हाला उलटं दिसतंय का रे?" कॅमेरे बंद असलेल्या काळ्या चौकोनांतून एक आवाज आला, "व्हय सर, समदंच उलटं दिसूलालंय." मी ते खरं धरून फळ्यावर उजवीकडून डावीकडं लिहायला घेतलं. उलटं 'ध्व' काढताना मला घाम फुटला. समोरची सव्वीस पोरं मान वाकडी करून ते वहीत उतरवत होती. एकानंही विचारलं नाही, की सर, हे काय चाललंय. सर करतायत म्हणजे परीक्षेला येत असेल, एवढा आमच्या लातूरच्या पोरांचा परीक्षेवर विश्वास.

पंख्याचं तर विचारूच नका. ऑक्टोबरचं ऊन, तोंडाला मास्क, डोक्यावर पत्रा. पंखा चालू ठेवला की मोबाईलवाल्यांना हेलिकॉप्टर ऐकू यायचं. बंद केला की समोरचे सव्वीस वही हलवून वारा घ्यायचे, आणि मोबाईलवाल्यांना सव्वीस वह्यांची फडफड. शेवटी तह झाला: समजावून सांगताना पंखा बंद, लिहून घेताना चालू. स्विचपाशी एक पोरगा नेमला. महिन्याभरात मीच त्याच्या पंख्याबरहुकूम शिकवायला लागलो. त्याला उकडलं की माझं समजावून सांगणं संपायचं.

आणि नेमका अकरावीला 'ध्वनी' हा धडा आहे. त्यात प्रतिध्वनी. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरा. एकदा ऐकलेला आवाज कानात एक दशांश सेकंद रेंगाळतो. परत आलेला आवाज त्याहून वेगळा ऐकू यायचा, तर त्याला जाऊन-येऊन ३४ मीटर तरी पडले पाहिजेत. म्हणजे भिंत निदान १७ मीटरवर हवी. "आपला वर्ग नऊ मीटरचा आहे," मी म्हणालो, "म्हणून इथं प्रतिध्वनी ऐकू येत नाही."

"...ऐकू येत नाही," स्टूल म्हणालं.

पलीकडं औशाला कुणीतरी माईक उघडा ठेवून फोन स्पीकरवर टाकला होता. माझा आवाज त्याच्याकडं जाऊन दोन सेकंदांनी परत येत होता. पहिल्या बाकावरच्या पोरीनं लगेच हिशोब मांडला: दोन सेकंद, म्हणजे भिंत ३४० मीटरवर. बरोबर होतं. चुकली होती ती फक्त भिंत. इथून औसा वीसेक किलोमीटर. हवेतून नुसता ओरडलो असतो तर आवाज पोचायलाच एक मिनिट लागलं असतं. असा मी रंगात येऊन सांगतोय, तोवर समोरच्या चार-पाच जणांना वाटलं, आपणही मोबाईलातून हा वर्ग बघावा. त्यांनी बाकाखाली फोन काढून तीच मीटिंग उघडली.

त्यानंतर जी किंचाळी उठली ती ऐकून शेजारच्या वर्गातल्या मराठीच्या बाई धावत आल्या. माईकनं स्पीकरचा आवाज उचलायचा, स्पीकरनं तो मोठा करून सोडायचा, माईकनं पुन्हा उचलायचा, अशी ती फुगडी. डेन्मार्कच्या सोरेन लार्सन या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावानं याला लार्सन परिणाम म्हणतात. मी तेही सांगितलं, पण ओरडून, आणि ते ओरडणंही फुगडीत गेलं. बाई म्हणाल्या, "सर, पोरांना मारताय का?"

खरा वांधा निघाला उत्तरांचा. दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. मोबाईलवाल्याला प्रश्न उशिरा पोचणार, मग तो माईक शोधणार, मग "हॅलो सर, आवाज येऊलालाय का?" म्हणणार. तोवर समोरच्यानं उत्तर देऊन पेनाचं टोपणसुद्धा लावलेलं असायचं. चाकूरची पोरगी बिचारी रोज बरोबर उत्तर द्यायची, पण आदल्या प्रश्नाचं. मी विचारायचो, "तरंगलांबी म्हणजे काय?" आणि स्टुलातून आवाज यायचा, "हर्ट्झ!"

इलाज म्हणून मी गप्प राहायला शिकलो. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात वर्गावर्गांतून मोजून ठेवलंय, की प्रश्न विचारल्यावर मास्तर जेमतेम एक सेकंद थांबतो. तीन सेकंद थांबला तर पोरं जास्त आणि बरी उत्तरं देतात. मी म्हटलं, आपल्याकडं रेंजचे दोन धरून पाच थांबू. पाच सेकंद! मास्तरला वर्गात पाच सेकंद गप्प राहणं काय असतं ते मास्तरलाच ठाऊक. पहिल्यांदा केलं तेव्हा समोरच्यांना वाटलं, सर विसरले. मोबाईलवाल्यांना वाटलं, रेंज गेली. सात जण मीटिंगमधून बाहेर पडून परत आले. प्राचार्य खिडकीतून डोकावून गेले. पण सहाव्या दिवशी चाकूरच्या पोरीनं चालू प्रश्नाचं उत्तर दिलं आणि समोरच्या सव्वीस जणांनी टाळ्या वाजवल्या. त्या तिला दोन सेकंदांनी ऐकू गेल्या, आणि ती दोन सेकंदांनी लाजली.

दुसरा इलाज म्हणजे मुकादम. मोबाईलवाले चॅटमध्ये काय लिहितात हे बघायला मला सवड नव्हती, म्हणून शेवटच्या बाकावरचं सगळ्यात वाह्यात पोरगं उचललं आणि स्टुलाशेजारी बसवलं. "पलीकडं कुणाला काही अडलं तर तू हात वर करायचा." त्यानं पदाचं असं काही सोनं केलं, की बघत राहावं. "सर, थांबा. औशाला फळ्याचा डावा कोपरा दिसना गेलाय." "सर, धारूरची बॅटरी आठ टक्के, त्याचा प्रश्न आधी घ्या." धारूरच्या पोराचा माईक कायम बंद असायचा, कारण मागं उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी लागलेली. ते चॅटमध्येच लिहायचं, तेही मोळ्या बांधता बांधता. मुकादम त्याचे प्रश्न वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. वाचताना आवाज आपोआप मऊ व्हायचा त्याचा. एरवी मला अडवताना मात्र चांगलाच करडा. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसा मी दोन वर्गांचा मास्तर, आणि वाढपी तो.

लाईट जाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. लाईट गेली की वायफाय जायचं आणि पलीकडं माझा चेहरा जसा असेल तसा गोठायचा. अर्धे डोळे मिटलेले, तोंड 'आ' करून, हातात खडू. त्याचं कुणीतरी स्टिकर केलं. ते फिरत फिरत आमच्या घरच्या ग्रुपवर आलं. हल्ली मी भाजी आणायला विसरलो, की होम मिनिस्टर तेच पाठवतात.

तर येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आमचा रानातला सण. प्राचार्यांनी २ जानेवारी २०२२ ला, रविवारी, ज्यादा तास लावला. राहिलेला प्रतिध्वनी पुरा करायला. त्या दिवशी वेळ अमावस्या आहे, आणि येळवसेला लातुरात माणूस सोडा, कुत्रंही घरी थांबत नाही, सगळी रानात असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मी सांगितलं नाही. म्हटलं, सगळेच ऑनलाईन बसतील, एकदा तरी एकच वर्ग मिळेल.

मी निलंग्याकडं, सासुरवाडीच्या रानात. कडब्याची खोपी म्हणजे कोप, आत पांडव म्हणून मांडलेले पाच दगड, समोर पत्रावळीवर भज्जी, म्हणजे येळवसेची मिसळभाजी, आणि बाजरीचे उंडे. मीटिंग उघडली आणि जन्मात पहिल्यांदा सत्तावन्नच्या सत्तावन्न पोरांचे कॅमेरे चालू. भज्जी दाखवायची होती ना! कुणाची भज्जी, कुणाची आंबील, कुणाची आजी. चाकूरच्या आजीनं तर मला नमस्कारही केला, माझ्या मागच्या पांडवांना असेल कदाचित.

चाकूरची पोरगी म्हणाली, "सर, आमची हीर सत्तर फूट हाय. सत्तर म्हंजे एकवीस मीटर. सतरापेक्षा जास्तच की." पाणी तळाला होतं. म्हटलं, ओरड. ती फोन धरून विहिरीत ओरडली. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. खालून परत आलेला आवाज ॲपनं गोंगाट समजून गिळून टाकला.

"फोन ठेवा," मी म्हणालो. "ज्याच्या रानात खोल विहीर आहे त्यानं कठड्यापासून लांब उभं राहून ओरडा आणि स्वतःच्या कानानं ऐका. मग येऊन सांगा."

पन्नास-एक पोरं उठून गेली. पडद्यावर उरलं आभाळ, कडबा आणि एका शेरडाचं नाक. धारूरचं पोरगं तेवढं जागेवर. त्यानं चॅटमध्ये लिहिलं, "सर इथं हीर न्हाई. नुसता ऊस हाय." मुकादम कुठून तरी धापा टाकत आला आणि त्याला म्हणाला, "तू थांब. मी ओरडून येतो अन् तुला सांगतो कसं वाटलं ते."

मलाही राहवेना. सासऱ्यांची विहीर चांगली ऐंशी फूट. मी उठलो, जवळ जाऊन छाती भरून ओरडलो, "आवाज येऊलालाय का?" आणि कान देऊन उभा राहिलो.

सासरे हातातली आंबील तशीच घेऊन पळत आले. "जावईबापू, हिरीत काय पडलं?"

"काही नाही मामा, तास चालू आहे."

त्यांनी एकदा विहिरीत बघितलं, एकदा माझ्याकडं. मग कोपीकडं वळून सासूबाईंना म्हणाले, "ताट इकडंच आणा."